उजव्या हाताची जागा

शर्वाणीने हसता हसता निनादच्या पाठीत धपाटा घातला आणि ऋजुताच्या अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्याची कॉलेजातली मैत्रीण म्हणून काय झालं? पत्त्यांचा हा खेळही त्या दोघांनीच तेव्हा काढलेला. डाव जिंकणाऱ्याने दर वेळी एक नवा नियम घालायचा. निनादच्या उजव्या हाताला आपणच बसणार, हा शर्वाणीचा नियम. आणि लग्नाची बायको कुठे, तर समोर, पंख्याचा वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात!

मग ऋजुताने एकदाचा डाव जिंकला.

"आजपासून त्याच्या उजव्या हाताला त्याची बायको बसेल."

"अगं, पण माझा नियम आधीचा आहे ना!" शर्वाणी जागची हलली नाही.

दोन नियमांची टक्कर झाली, की उरलेल्या तिसऱ्याने निकाल द्यायचा, असं ठरलेलं. दोघींनी निनादकडे पाहिलं.

"नवा नियम खरा," तो पत्त्यांत डोकं खुपसून म्हणाला.

ऋजुताला आभाळ ठेंगणं झालं. शर्वाणी उठली, जाता जाता तिच्या कानाशी वाकली.

"बस गं. माझ्याआधी इथे मंजिरी बसायची. तेव्हाही त्याने हाच निकाल दिला होता."