मधली भिंत

आमच्या दादाचा पाण्याचे पंप बनवायचा कारखाना झकास चालला होता. पण सरकारची सवलत फक्त छोट्या कारखान्याला. माणसं वाढली की वीज महाग अन् करही जास्त. म्हणून दादानं कारखान्याच्या मधोमध भिंत घातली आणि अर्धा वहिनीच्या नावावर केला. तेव्हापासून इकडं जोडलेला पंप तिकडं रंगवायला न्यायचा तर हातगाडीवर घालून रस्त्यानं वळसा मारायचा.

वहिनी म्हणायची, "लोक भांडून भिंत घालतात, आमची न भांडताच झाली."

परवा एका मोठ्या कंपनीचा साहेब भली मोठी ऑर्डर घेऊन आला. दादाचा अर्धा कारखाना बघून म्हणाला, "तुम्ही फारच छोटे आहात हो." थोडेसेच पंप सांगून गेला. आता तेवढ्यासाठीसुद्धा नवी माणसं घेणं आलंच.

मग दादानं गवंड्याला फोन लावला.

मी म्हणालो, "बरं झालं बाबा, पाडून टाक एकदाची ती भिंत."

 

"पाडतोय कुठं? तुझ्या नावावर तिसरा कारखाना काढायचाय, अजून एक घालतोय."