स्टिअरिंगचा दांडा

किसनरावांनी ड्रायव्हरची सीट काढून अंगणात ठेवली आणि स्वतः गाडीत उताणे शिरले. पाय दाराबाहेर, डोकं डॅशबोर्डखाली.

"बॅटरीची तार काढली ना रे?" आतून आवाज आला.

"काढली, बाबा," स्वप्निल म्हणाला. "पण भंगारवाला पाच वाजता येऊन राहिला. तुमी कायले अंग मोडून घेता?"

"पाच वाजता येऊन राहिला ना? मंग तू आत्ताच काहून डोकं खाऊन राहिला?"

स्वप्निलनं घड्याळ पाहिलं. शब्द त्यानेच दिला होता. पाचच्या आत स्टिअरिंगचा दांडा बदलून झाला तर ही सत्त्याण्णव सालची गाडी घरात राहील, नाही तर भंगारात जाईल. राजापेठेतल्या क्लासमध्ये तो पोरांना फळ्यावर टॉर्कची गणितं सोडवून दाखवायचा, पण पाना कधी हातात धरला नव्हता. बाबांची हयात संत्र्याच्या बागेत गेली. पंपाची इंजिनं त्यांनी ढीगभर खोलली होती, पण गाडीचं स्टिअरिंग एकदाही नाही. अकोल्याहून कापडात गुंडाळून आणलेला जुन्या गाडीचा दांडा पायरीवर पडला होता.

खरा राग निराळाच होता. महिन्यापूर्वी मूर्तिजापूरच्या रस्त्यावर शेतातून उडी मारून रोही आडवा आला आणि गाडी शेताच्या बांधावर आदळली. दांडा वाकला. बाबांना खरचटलंसुद्धा नाही. आईच्या छातीला मात्र असा मुका मार बसला, की पंधरा दिवस तिला कूस बदलता येईना. स्वप्निल तेव्हा नको ते बोलला होता.

"या वयात झेपत नाही तर गाडी कायले बाहेर काढता? आईले मारता काय?"

बाबांनी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. "चूक झाली," एवढंच म्हणाले.

स्वप्निलची आई जयवंताबाई ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. सकाळपासून त्यांचा एकच धोशा चालला होता. "जाऊ द्या ना ते गाडी. मले तिच्याकडं पायलं की धडधड होते."

"एक डाव बांधावर गेली म्हणून कोनी गाडी सोडते काय वो?" बाबा आतूनच म्हणाले. "मंग बैलानं लात मारली की वावरच सोडा लागन."

"तुमाले थट्टा सुचते."

"थट्टा नाही करून राहिलो. कणीक आन."

"कणीक? ते माह्या पोयाची हाये!"

पण कणीक आली. बाबांनी ती परातीत थापली. पहिला बोल्ट निघाला, तो कणकेत रोवला. दुसरा त्याच्या डावीकडे, तिसरा खाली. तासाभरात परातीत डॅशबोर्डखालचा नकाशाच उमटला. कोणता बोल्ट कुठला, हे लिहून ठेवायची गरजच उरली नाही. स्वप्निल पाहतच राहिला. आकृती काढल्याशिवाय गणिताला हात लावू नका, असं तो पोरांना रोज सांगायचा. कणकेत आकृती काढता येते हे त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

मग देवघरातली कुंकवाची डबी मागवली गेली.

"देवाचं कुंकू गाडीले?" जयवंताबाई कातावल्या.

"दसऱ्याले आपनच लावतो ना तिले? आज थोडं अंदर लावतो."

बाबांनी पुढची चाकं नाकासमोर सरळ केली. दांड्याचं खालचं टोक जिथं दातेरी खुंटीवर बसतं, तिथं दोन्हींवरून ओल्या कुंकवाची एक रेघ ओढली. वाकडा दांडा बाहेर आल्यावर बोटानं दाते मोजले आणि नव्यावर तशीच रेघ ओढली.

साडेतीनला नवा दांडा आत गेला. रेघेला रेघ जुळली. पण खालचा बोल्ट भोकातून पार होईना.

"हातोडीनं ठोका ना," घड्याळाकडे बघत स्वप्निल म्हणाला.

"ठोकला तर जाईन. पण मंग कवा निसटन सांगता येत नाही." बाबांच्या कपाळावरून घाम कानात ओघळत होता. "दांडा पुरा खाली नाही बसला. पुन्हा काढा लागन."

पुन्हा! चार वाजायला आले होते. पण बाबांनी घाई केली नाही. सगळे बोल्ट परत कणकेत गेले. खुंटीवरचा गंज फडक्यानं पुसला, ग्रीसचं बोट फिरवलं. स्वप्निल टॉर्च धरून शेजारी आडवा झाला, शर्ट मळला तरी हटला नाही. या वेळी दांडा अलगद खाली उतरला आणि बोल्ट आपसूक पार झाला.

"असं रायते," बाबा हळूच म्हणाले. स्वप्निलला स्वतःची लाज वाटली. या माणसाला आपण महिनाभर म्हातारा म्हणत होतो!

चार चाळीसला स्टिअरिंगचं चाक बसलं. बॅटरीची तार जोडताच हॉर्न वाजला, दिवे लागले. जॅकवर उचललेली चाकं डावी-उजवीकडे विनातक्रार वळली. शेवटी सीट आत गेली.

"लई पुढं लावली, बाबा. तुमचे पाय मुडपतीन."

"राहू दे तशीच."

स्वप्निलनं तिथंच भंगारवाल्याला फोन लावला. "येऊ नका, भाऊ. गाडी द्यायची नाही आमाले." मग तो वडिलांसमोर उभा राहिला. "बाबा, मी लई वाईट बोललो तुमाले. तुमच्या हाताले तोड नाही. चला, एक चक्कर मारू. तुमी चालवा, मी मागं बसतो."

किसनरावांनी कणकेचे हात धोतराला पुसले, चावी उचलली आणि गाडीला वळसा घालून ओट्यापाशी गेले. जयवंताबाईंच्या मांडीवरचं मेथीचं ताट त्यांनी बाजूला ठेवलं आणि चावी त्यांच्या मुठीत दिली.

"ऊठ," ते म्हणाले. "आन या खेपेले कोनी आडवं आलं तर डोये मिटू नको, ब्रेक दाबजो."