जामीन राहिलेला माणूस

“आणि परत कशावरनं येणार तुमी?” गाडी चालवता चालवता आप्पासोंनी विचारलं.

“मालक घरी हायती,” बनुबाई म्हणाली.

“जरा मोठ्यानं, वहिनी. तिथं मधी काच असती.”

ती पुन्हा म्हणाली. उंब्रज सोडल्यापासून ही चौथी उजळणी. दीर-भावजय दोघांनाही शाळेत पाठांतर कधी जमलं नव्हतं, आणि आता उतारवयात परीक्षा आली होती ती थेट मुंबईला, परदेशी वकिलातीत.

एकुलता एक मुलगा वीरधवल सहा वर्षांपूर्वी तिकडं गेला. तिथं कायमचं राहण्याचे त्याचे कागद अजून व्हायचे होते. मध्येच देश सोडला तर परत आत घेणार नाहीत, म्हणून त्याला येता येत नव्हतं. मग आईबापानंच जावं, पंधरा दिवस राहावं, पोराला डोळे भरून बघावं, इतकी साधी गोष्ट. पण साहेबलोकांना साधी गोष्ट लवकर पटत नाही. पर्यटक म्हणून दोघांनी केलेला अर्ज दोनदा फेटाळला गेला. कारण एकच, तुम्ही परत जाल याची खात्री नाही. सातबारा जोडला, पेन्शनचं पुस्तक जोडलं, साखर कारखान्याचा शेअर जोडला. बनुबाईच्या नवऱ्यानं, सयाजीनं, तर दोन म्हशींचे फोटोसुद्धा लावले होते. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी सूरजनं तोडगा काढला. साताऱ्यात व्हिसाचे फॉर्म भरून देणारा हा पोरगा चलाख होता. दोघंही गेलात तर मागं ओढणारं कोण राहिलं, असं तो म्हणाला. एकानं जायचं, एकानं घरी थांबायचं. घरातला माणूस हाच परत येण्याचा पुरावा.

सयाजी पलटणीतून सुभेदार होऊन आलेला. हुकूम सुटल्यासारखा तो लगेच तयार झाला होता.

“तू जा. मी ऱ्हातो जामीन,” तो म्हणाला होता. “माझ्या वाटणीचं बी तूच बघून ये.”

त्यानंतर मुलाखतीची तारीख मिळायला सात महिने लागले. ही चुकली असती तर पुढची वर्षानं मिळणार होती. म्हणून तर घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, जावेनं तोंड वाकडं केलेलं असताना, बनुबाई पहाटे उठून निघाली.

शिरवळच्या पुढं आप्पासोंनी गाडी झाडाखाली घेतली. शेजारणीनं बांधून दिलेली पिठलं-भाकरी दोघांनी खाल्ली. उकाडा होता, तरी आप्पासोंची टोपी कानापर्यंत ओढलेलीच होती. बनुबाईनं पिशवीतनं डबी काढली आणि गाडीच्या आरशात बघून ठसठशीत कुंकू लावलं. गावातून असं नटून निघाली असती तर बायकांनी तोंडात बोटं घातली असती. आप्पासो उसाकडं बघत उभे राहिले.

वकिलातीत काचेपलीकडं एक गोरी बाई होती आणि तिच्या शेजारी मराठी बोलणारी दुभाषी मुलगी. मुलगा काय करतो, किती दिवस राहणार, शेती किती, सगळं विचारून झालं. मग मुलीनं मालकांचं नाव विचारलं.

बेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं ते उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं. “सयाजी,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज कापला. दुभाषी मुलगी हसली. माझ्या आजीचंही असंच होतं, म्हणाली.

“ते एकटे राहतील का तुमच्याशिवाय?”

“मला सांगितल्याबिगर ते कुटं जात न्हाईत,” बनुबाई म्हणाली. हे पाठ केलेलं नव्हतं.

गोऱ्या बाईनं कागद पुन्हा चाळले. दोघी काहीतरी बोलल्या. मग मुलगी काचेजवळ वाकली.

“मॅडमना तुमचं म्हणणं पटलंय, मावशी. पण आधी दोनदा नकार झालाय, म्हणून त्यांना एकदा तुमच्या मालकांशी बोलायचंय. सोमवारी त्यांना घेऊन या. त्यांनी इथं येऊन सांगितलं की मॅडम शिक्का मारतील.”

“आणि ते आलं न्हाईत तर?”

“मग नाही मिळणार.”

बाहेर आल्यावर सूरजचा फोन आला. तो खुशीत होता. काकी, तुम्ही जिंकलात, म्हणाला. सयाजीआबांना इस्त्रीचे कपडे घालून सोमवारी हजर केलं की काम फत्ते. आप्पासोंनी फोन घेतला आणि बरं म्हणून बंद केला.

गाडी परतीला लागली. बनुबाईला रडायचं होतं, पण तेही येईना. सहा वर्षांत पोरगं इतकं जवळ कधी आलं नव्हतं. खंबाटकीच्या घाटात तिनं पदराचं टोक पाण्यानं भिजवलं आणि तोंडावरून, कपाळावरून फिरवलं.

उंब्रजला पोचले तेव्हा दिवस मावळत होता. अंगणात ताडपत्रीवर माणसं बसलेली होती. भावकीतले वडीलधारे कोंडीबा काठी टेकत उठले. कुठं गेली होतीस, असं त्यांनी विचारलं नाही.

“सूनबाई, उद्या दहावा. सकाळी सातला नदीवर जायचं हाय,” ते म्हणाले. “सयाजीची कसली इच्छा मागं ऱ्हायली असंल तर आत्ताच सांगून ठेव. ती पुरी करतो म्हणल्याबिगर कावळा पिंडाला शिवायचा न्हाई.”