खांद्यातली गोळी

एल्क, सांबराहूनही थोराड असा तो हरणाचा नर, सापडला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, ओढ्याच्या काठच्या झुडपांत. कावळे आधी पोचले होते, त्यांच्या मागून ऑरिन. लायल घोड्याला घेऊन लांबच्या वाटेने येत होता. त्याच्या गुडघ्यांना ही उतरण झेपत नव्हती.

जनावराचं पोट फुगलं होतं, वास सुटला होता. रात्री थंडी होती खरी, पण एवढ्या मोठ्या नराचं मांस आतल्या उबेनेच नासतं. दोन घरांचा हिवाळाभराचा शिधा वाया गेला होता. ऑरिन चडफडला, आणि सगळा राग लायलवर.

काल चाळीस पावलांवरून, ओंडक्यावर हात टेकवून, लायलने आपल्या मोठ्या रिव्हॉल्वरचा एकच बार टाकला होता. एल्क गुडघ्यांवर आला, उठला आणि झाडीत शिरला. अंधार पडेपर्यंत दोघे रक्ताचे थेंब शोधत फिरले. “पोटात मारलीस,” ऑरिन म्हणाला होता, “डॉक्टरला सांग, मोतीबिंदू परत बसव म्हणावं. त्याने बरं दिसत होतं तुला.” लायल हसला नव्हता. ऑपरेशननंतरची ही त्याची पहिली शिकार. आपला नेम अजून शाबूत आहे की नाही, हे त्याला याच एका बारावर ठरवायचं होतं.

ऑरिनने कावळे हाकलले आणि खाली वाकला. पोटावर भोक नव्हतंच. भोक खांद्यावर होतं, जिथे असायला हवं तिथेच, बोटभरसुद्धा इकडेतिकडे नाही.

मग हे जनावर जागीच पडलं का नाही? त्याने सुरी चालवली, मग कुऱ्हाड घेतली. मांस उकरता उकरता भोकाचा मागमूस राहिला नाही, पण गोळी सापडली. गोळी कसली, पाच-सहा कपचे. हाडाला लागताच फुटली होती आणि वीतभरही आत गेली नव्हती.

ऑरिनने एक कपचा नखाने खरवडून पाहिला. गोळी त्याची होती.

अख्ख्या खोऱ्यात ऑरिनच्या ओतीव गोळ्यांचं नाव होतं, आणि ते नाव सगळ्यात जास्त तोच घ्यायचा. तीस वर्षं तो मऊ शिशात चिमूटभर कथील घालून गोळ्या ओतत आला होता. साच्यातून काढल्या की जुन्या टॉवेलवर निवत ठेवायचा. अशी गोळी हाडावर चेपते, पसरते, पण फुटत नाही आणि आरपार जाते. यंदा त्याला वेगाची हाव सुटली. गाड्यांच्या चाकांना तोल राखायला लावतात त्या वजनांचं कडक शिसं घेतलं, टोकाला खळगा ठेवला आणि गरम गोळ्या थेट पाण्याच्या बादलीत सोडल्या. नखाने ओरखडा उठेना तेव्हा केवढा खूश झाला होता!

“इतकी कडक कशाला?” लायलने विचारलं होतं. “मला आपली जुनीच दे.”

“तू नेमाचं बघ, गोळीचं मी बघतो,” ऑरिनने त्याला उडवून लावलं होतं.

वर घोड्याचे नाल दगडांवर वाजले. ऑरिनने मूठ आवळली आणि विचार करायच्या आतच ते कपचे ओढ्यात भिरकावून दिले.

लायल आला. त्याने एल्ककडे पुरतं पाहिलंही नाही. खिशातून शिकारीचा परवाना काढला आणि सुरीने त्याच्या कडेला छापलेले महिना आणि तारीख कापून शिकारीची नोंद केली. मांस नासलं तरी जनावर आपल्या नावावर. त्यात लायलने कधी पळवाट काढली नव्हती. मग त्याने कमरेचा पट्टा सोडला आणि रिव्हॉल्वरसकट खोगिराला अडकवला.

“संपलं, ऑरिन,” तो म्हणाला. “नेम गेला की माणसाने थांबावं. बिचारा रात्रभर तडफडला माझ्यापायी.”

ऑरिन दोरीची गाठ सोडत बसला. मग पुन्हा तीच बांधली. शेवटी त्याला राहवेना.

“लायल, नेम चुकला नव्हता. खांद्यात बसली होती. गोळी फुटली. माझी चूक झाली.”

लायलने हात पुढे केला. “दाखव गोळी.”

“ओढ्यात टाकली.”

“का?”

“लाज वाटली म्हणून. हे हाड बघ, तडकलंय.”

“तुझ्या कुऱ्हाडीने तडकलंय.” आणि लायल हसला, दोन दिवसांत पहिल्यांदाच. त्याने ऑरिनच्या पाठीवर हात ठेवला. “चाळीस वर्षांत तुझ्या तोंडून हे शब्द ऐकले नाहीत मी. बायको सोडून गेली तेव्हासुद्धा चूक तिचीच होती. आणि आज माझ्यासाठी एवढं खोटं बोललास! विसरणार नाही, गड्या.”

“अरे, खरंच सांगतोय—”

“पुरे. आणखी ताणू नकोस. तुला जमत नाही ते.”

तो घोड्याचा लगाम धरून चढणीला लागलासुद्धा.

ऑरिन बुटांसकट ओढ्यात उतरला. बर्फाचं पाणी गुडघ्यांपर्यंत चढलं. खाली वाकून, बाह्या भिजवत, तो दोन्ही हातांनी तळ चाचपू लागला. तळ बारीक खड्यांनी भरला होता, आणि एकूण एक खडा शिशाच्या रंगाचा होता.