पाचवं शिकाऊपत्र

शेडबाळे आजोबांच्या हातावर सुईची खूण मोहरीएवढीही उमटली नव्हती. त्यांच्या शिरा इतक्या बारीक, की लॅबच्या मालकीण डॉ. नीलांबरींनाही दोनदा टोचावं लागे. एकोणीस वर्षांच्या अक्षतानं मात्र पहिल्याच खेपेला रक्त काढलं, शिवाय शेजारी उभ्या नव्या मुलीला शीर कशी चाचपायची तेही दाखवलं.

"पुढच्या वेळी हीच पोरगी हवी हं, डॉक्टर. तुम्ही नको," आजोबा हसले. मग अक्षताचा बिल्ला वाचून म्हणाले, "शिकाऊ? अगं, दोन वर्षं झाली की! अजून काय शिकतेस?"

"ते मॅडमना ठाऊक," अक्षता कापूस लावत म्हणाली.

नीलांबरींनी मान खाली घातली. शिकाऊ मुलांना किमान वेतन द्यावं लागत नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी त्या तिला नवं शिकाऊपत्र देत. पुढच्या खेपेला पगार लावू, असं दरवेळी मनाशी म्हणत. पाचवं पत्र आज टेबलावर तयार होतं.

आजोबा गेल्यावर अक्षता पेन घेऊन आली. "नेहमीच्याच जागी सही ना, मॅडम?"

तिनं मजकूर वाचलाही नाही. तो विश्वास नीलांबरींना सोसेना. त्यांनी पत्र ओढून घेतलं.

"सही नको करूस. तुझं शिकणं पहिल्या सहा महिन्यांतच संपलं होतं, आणि मला ते माहीत होतं. आजपासून तुला पूर्ण पगार. मागच्या दीड वर्षाचा फरकही मी देणार आहे."