सातवा प्रश्न

प्रश्नावली वस्तीत नेण्याआधी घरातल्या बाईला विचारून बघा, असं स्त्री-अभ्यासाच्या मॅडमनी इंटर्नशिपच्या मुलींना बजावलं होतं. म्हणून त्यांतली सिद्रा कुंभिवली गावातल्या आपल्या घरी, सुकट निवडणाऱ्या अम्मीसमोर पेन घेऊन बसली. सातवा प्रश्न होता, ‘घरच्यांना न विचारता एकट्या कुठे गेला आहात?’ अम्मीने तोंड उघडण्याआधीच तिने ‘कुठेच नाही’ लिहून टाकलं. “थांब गं, मला बोलू दे.” हात पुसून अम्मीने फळीवरच्या कागदाखालून एसटीचं पुसट तिकीट काढलं. “कर्जतला गेलते. तुझं कॉलेज बघायला. अब्बा तुला पाठवत नव्हते ना, तवा.” अब्बा अचानक हो म्हणाले, ती सकाळ सिद्राला आठवली. तेव्हा ती त्यांच्याच गळ्यात पडली होती. तिने उत्तर खोडलं. “मग त्यांना काय म्हणालीस?” “म्हटलं, कॉलेज बघून आले, चांगलं हाय. पोरीला धाडा, नायतर मीच नाव घालते.”