नसलेला मंगळवार

"सोमवारी रात्री नऊला निघायचं, बुधवारी पहाटे उतरायचं. मध्ये फक्त तेरा तास." तिकीटवाल्याने बॅगेची चेन ओढली. "मंगळवार लागतच नाही वाटेत."

"अकरा हजार किलोमीटर. एक दिवस चुकवायला," बायको म्हणाली.

त्याचे वडील, काका आणि थोरला भाऊ तिघेही आपापल्या पन्नासाव्या वाढदिवशी गेले होते. चालतेबोलते, धडधाकट. त्याचा पन्नासावा या मंगळवारी होता. त्याचा सगळा जन्म परदेशात विमानाची तिकिटं विकण्यात गेलेला. समुद्रावर एक रेघ असते, ती पश्चिमेकडे ओलांडली की कॅलेंडरातला अख्खा दिवस गळतो, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. जीव वाचायला हवा होता, बस.

"आणि इथे घरी?" बायकोने विचारलं.

"इथे येईल की मंगळवार. फक्त मी नसेन."

"तो काय पाहुणा आहे, घरी नाहीत म्हटलं की परत जायला? बसेल तुमच्या खुर्चीत वाट बघत."

तिच्या सोबतीला राहायला मेहुणा आला होता. त्यानेच गाडी काढली. "दाजी, केक ठेवू ना तुमच्या वाटणीचा?" तिकीटवाला हसला नाही.

विमानात बसल्यावर कळलं, चष्मा घरी टेबलावरच राहिला. भरायचा कागद हातात आला तेव्हा अक्षरांच्या नुसत्या मुंग्या दिसल्या. शेजारच्या बाईंनी तो वाचून दाखवला. त्याचं मात्र लक्ष नव्हतं. रेघ ओलांडली का, असं तो हवाईसुंदरीला सारखा विचारत होता.

"केव्हाच, काका," ती शेवटी म्हणाली. "झोपा आता."

मग कुठे त्याचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा विमान उतरलं होतं. सगळे उतरून गेले होते. त्याला कुणी उठवलंच नव्हतं. माणुसकी म्हणून काही उरली नाही, असं पुटपुटत तो बाहेर आला. एका बाकावर कुणीतरी वर्तमानपत्र टाकून गेलं होतं. नावाखालची बारीक तारीख त्याने दोनदा वाचली. बुधवार.

"काळ आला होता, पण वेळ आली नव्हती," तो स्वतःशीच म्हणाला आणि त्याला रडू फुटलं. डोळे पुसून त्याने घरी फोन लावला. मेहुण्याने उचलला.

"अरे, पोचलो मी. तुझ्या ताईला दे."



"कोण बोलतंय?" मेहुणा म्हणाला. "ही काय चेष्टेची वेळ आहे? दाजी आत्ताच गेले, ऐन वाढदिवशी. चष्मा विसरला म्हणून पहाटे परत आले, विमान गेलं तर गेलं म्हणाले. चष्मा लावून खुर्चीत पेपर वाचत बसले होते, आणि..."

तिकीटवाल्याने नाकाशी हात नेला. चष्मा जागच्या जागी होता.